चार बोटांची फट

गाडी 'खाली बसवायचा' विषय निघाला की पहिलं माप बोटांनी घेतलं जातं. टायर आणि फेंडरच्या मधल्या फटीत हात घालायचा आणि म्हणायचं, "चार बोटं जातात, राव!" फट दोन बोटांवर आली की गाडी जमिनीला धरून उभी राहिल्यासारखी दिसते, हे खरंच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. गाडी देखणी दिसावी म्हणून लोक याहून निरुपयोगी गोष्टींवर पैसे घालवतात. अडचण पुढच्या वाक्यात असते : "आणि वळणावर चिकटून पण चालेल." फट कमी करण्याचं काम स्प्रिंग बदलल्या की अर्ध्या दिवसात होतं. चिकटून चालण्याचं होतंच असं नाही. कित्येकदा गाडी खाली येते आणि आधीपेक्षा वाईट चालते.

या प्रकरणात डोळ्यांसमोर होंडा सिटी ठेवू. १९९८ पासून ती आपल्या रस्त्यांवर आहे आणि गाडी खाली घेणाऱ्यांची ती जुनी आवडती आहे. २००८ नंतरच्या पिढ्यांची मांडणी तिच्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांसारखीच : पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. २०२० च्या पिढीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर. व्हेंटो, रॅपिड, वर्ना यांच्या मालकांनी आकडे थोडे इकडेतिकडे करून वाचावं. गणित तेच राहतं.

ती चार बोटांची फट कंपनीने वेंधळेपणाने सोडलेली नसते. कंपनीला गाडी रिकामी दिसते तशी विचारात घेऊन चालत नाही. मागे तीन मोठी माणसं, डिकीत गणपतीला गावी निघालेल्या घराचं सामान, पुढे खड्ड्यांचा रस्ता, हे सगळं धरून चालावं लागतं. समजा या भारातले २०० किलो मागच्या चाकांवर आले, म्हणजे चाकामागे १०० किलो. दर मिलिमीटरला २ किलो घेणारी स्प्रिंग असेल तर मागची बाजू ५० मिलिमीटर खाली बसते. म्हणजे एकही पाना न लावता अर्धी फट गेलीच. आपण जी फट बघून हळहळतो ती रिकाम्या गाडीची असते.

आता स्प्रिंगचं गणित जरा बैजवार मांडू. आकडे हिशेबापुरते गोल केलेत, पण या वर्गाच्या गाडीला धरून आहेत. पुढच्या एका चाकावर गाडीचा साधारण ३०० किलो भार येतो. स्प्रिंग २ किलो प्रति मिलिमीटरची. तर गाडी नुसती उभी असताना ती स्प्रिंग १५० मिलिमीटर दबलेली असते. गाडी ३० मिलिमीटर खाली घ्यायची आणि स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक करायची, हा बाजारातल्या तयार लोअरिंग स्प्रिंगचा नेहमीचा मसाला. नवी स्प्रिंग २.६ किलोची. त्याच ३०० किलोखाली ती ११५ मिलिमीटर दबेल. गाडी ३० नी खाली हवी, म्हणजे मोकळी असताना ही स्प्रिंग जुनीपेक्षा ६५ मिलिमीटर आखूड असली पाहिजे. खोक्यातून काढलेली लोअरिंग स्प्रिंग जुनीशेजारी उभी केली की माणसं दचकतात ती याच फरकाने.

आखूड स्प्रिंगचा एक धोका गाडी जॅकवर चढवली की कळतो. चाक लोंबकळतं, शॉकअप पूर्ण लांब होतो, आणि तेव्हाही स्प्रिंग आपल्या वाटीत दाबून बसलेली असावी लागते. मूळ गाडीत चाक उभ्या स्थितीपासून ८० मिलिमीटर खाली जाऊ शकतं असं धरलं, तर मूळ स्प्रिंग तेव्हाही ७० मिलिमीटर दबलेली राहते. वरच्या नव्या स्प्रिंगकडे त्याच जागी जेमतेम ५ मिलिमीटर उरतात. अजून थोडी आखूड घेतली की ती वाटीत सैल खुळखुळणार.

इथेच स्प्रिंग कापण्याची गोष्ट येते. अजूनही काही ठिकाणी ग्राइंडर लावून 'दीड वेढा उडवून' देतात. गंमत म्हणजे कापल्याने स्प्रिंग मऊ होते हा समज उलटा आहे. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा कामाच्या वेढ्यांतला एक काढला तर तीच तार २ ऐवजी २.४ किलोची होते. साठेक मिलिमीटरचा एक वेढा कमी झाला तर गाडी ३५ मिलिमीटर खाली येते. कागदावर हे तयार स्प्रिंगच्या जवळपासच बसतं, म्हणून कापणाऱ्याला आपण बरोबर आहोत असं वाटत राहतं. दोन वेढे काढले की मात्र गाडी ७० मिलिमीटर खाली जाते आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग ५० मिलिमीटर सैल पडते. पण एकच वेढा कापला तरी खरी गडबड वेगळीच असते. स्प्रिंगच्या टोकाचा वेढा वाटीच्या आकारात बसेल असा वळवलेला असतो. तो कापून टाकला की उरलेलं टोक वाटीच्या एका ठिकाणी टेकतं, सगळा भार तिथेच येतो. शिवाय ग्राइंडरने किंवा गॅसने तापलेल्या जागी पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, रंग जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. स्प्रिंग तुटायची असेल तर तिथे तुटते.

हे सगळं बरोबर केलं, तयार आणि चांगली स्प्रिंग घेतली, तरी एक आकडा शिल्लक राहतो. तो आकडा मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. चाकाला वर जायला जागा किती उरली?

मूळ गाडीत उभ्या स्थितीपासून ठोकर लागेपर्यंत ७५ मिलिमीटर धरू. खड्ड्यातून वर येताना चाक जी ऊर्जा घेऊन येतं ती स्प्रिंगने तेवढ्या जागेत गिळायची असते. गिळलेली ऊर्जा कडकपणाच्या पटीत वाढते, पण अंतराच्या वर्गाच्या पटीत. गाडी ३० मिलिमीटर खाली आली, म्हणजे ७५ चे ४५ झाले. स्प्रिंग ३० टक्के कडक आहे खरी, पण हिशेब केला तर ती आता मूळच्या ४७ टक्केच ऊर्जा घेऊ शकते. निम्म्याहूनही कमी! ४० मिलिमीटर खाली घेतली तर २८ टक्के. तेच २० मिलिमीटरवर थांबलात तर ७० टक्के. उरलेली ऊर्जा कुठे जाते? बंप स्टॉपमध्ये, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसवलेल्या फोमच्या ठोकळ्यात. तोही संपला की वरच्या माउंटिंगमध्ये, बॉडीत आणि तुमच्या मणक्यात. खाली घेतलेली गाडी 'कडक' लागते म्हणतात, ती पुष्कळदा स्प्रिंगने कडक नसतेच. ती दर दुसऱ्या खड्ड्याला ठोकरीवर आपटत असते. वळणाच्या मध्यावर हे झालं तर त्या चाकाचं सस्पेन्शन क्षणभर दगड होतं आणि पकड सुटते. चांगल्या संचासोबत आखूड आणि हळूहळू घट्ट होत जाणारे बंप स्टॉप येतात. सोबत नसतील तर वेगळे मागून घ्यावेत. जुने तसेच ठेवून वर नवी स्प्रिंग चढवणं म्हणजे पैसे देऊन आदळे विकत घेणं.

म्हणून माझं मत विचाराल तर आपल्या रस्त्यांसाठी २० मिलिमीटर, फार तर २५. चारची तीन बोटं होतात. दिसायला फरक पडतो आणि चाकाला जागा उरते.

आता वळणाकडे. गुरुत्वमध्य खाली गेला की गाडी वळणावर कमी झुकते, हे वाक्य इतकं सरळ वाटतं की त्याचा हिशेब कोणी करत नाही. ११०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४८० मिलिमीटर. ताम्हिणी घाटाच्या एखाद्या लांब वळणावर अर्धा 'जी', म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्मा, इतका आडवा जोर लावला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर २०४ किलो भार सरकतो. गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली तर १९३ किलो. वाचले ११ किलो. हा फरक अगदीच शून्य नाही. पण ज्यासाठी चार स्प्रिंग बदलल्या त्याच्या मानाने तो किरकोळच.

त्यात मॅकफर्सन स्ट्रटची स्वतःची एक खोडी आहे. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर जनरल मोटर्समध्ये एका छोट्या, स्वस्त शेव्हरोलेवर काम करत होता. तो प्रकल्प गुंडाळला गेला, तो फोर्डमध्ये गेला आणि १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलला ही रचना मिळाली. वरचा आर्म काढून टाकायचा आणि शॉकअपलाच चाकाचा खांब करायचा, ही त्यातली हुशारी. जागा वाचली, इंजिन आडवं बसायला वाट झाली, पुढच्या काळातल्या बहुतेक छोट्या गाड्यांनी ती उचलली. पण चाकाला वळण देणारी भूमिती आता एकट्या लोअर आर्मच्या कोनावर उभी राहिली. बॉडी वळणात ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि तो बिंदू या आर्मच्या तिरकेपणावरून ठरतो. गाडी खाली घेतली की आर्मचं आतलं टोक खाली येतं, आणि रोल सेंटर गाडी जितकी खाली आली त्याहून जास्त खाली जातो. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढतं. बॉडीला कलंडवणारी तरफ लांब होते. म्हणजे त्याच कडकपणाच्या स्प्रिंगवर नुसती उंची कमी केली तर गाडी कमी नाही, जास्त झुकू शकते. वळणावर जो घट्टपणा जाणवतो तो वाढलेल्या कडकपणाचा असतो. उंची त्याचं श्रेय घेऊन जाते.

तर मग गाडी चांगली कशाने चालते? बऱ्याच अंशी शॉकअपने. हे नाव फसवं आहे, धक्का स्प्रिंग घेते. शॉकअपचं काम म्हणजे झोपाळा थांबवायला पाय टेकवणं : स्प्रिंग एकदा हलली की तिला हलतच राहू द्यायचं नाही. आत तेल असतं, पिस्टनमधल्या बारीक झडपांतून ते जोराने जातं, हालचालीची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली तर तिला तितक्याच शिताफीने आवरायला साधारण १४ टक्के जास्त जोर लागतो, विशेषतः दबलेली स्प्रिंग परत उसळते त्या दिशेला. कंपनीचा नवा शॉकअप एवढं कसंबसं सांभाळून नेतो. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेला नाही सांभाळत. त्यावर नवी स्प्रिंग टाकली की गाडी खाली दिसते आणि द्रुतगती मार्गावरच्या पुलांच्या सांध्यांवर होडीसारखी हिंदकळते. मग दोष स्प्रिंगला दिला जातो.

बिलस्टाइन किंवा कोनीचे शॉकअप घेतले की लोकांना गाडीच बदलल्यासारखी वाटते, तीही मूळ स्प्रिंगवर. त्यातल्या एकनळी प्रकारात तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यात सरकतं झाकण असतं, त्यामुळे खराब रस्त्यावर तासभर कुटल्यावरही तेलाला फेस येत नाही. परदेशी माल परवडला नाही तर निराश व्हायचं कारण नाही. शॉकअप हा आपल्याकडच्या कारखानदारीचा जुना धंदा आहे. गॅब्रिएल १९६१ पासून ते बनवते आणि तिचा एक कारखाना चाकणला आहे. कंपनीच्या मापाचा नवा जोड, नवी माउंटिंग, नवे बुश आणि २० मिलिमीटरची स्प्रिंग, एवढ्यावरही गाडी सरळ होते.

उंची हवी तशी फिरवता येणाऱ्या कॉइलओव्हरचा मोह होतो. ट्रॅकवर जाणाऱ्याने खुशाल घ्यावेत. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत ती आटेवाली नळी एकदा जुळवली की कोणी हात लावत नाही, आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर हात लावायचा म्हटलं तरी ती फिरत नाही.

संच निवडताना पुढची आणि मागची बाजू यांचा मेळ बघावा. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कॅडिलॅकमध्ये एक गोष्ट दाखवून दिली : पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा थोडी सावकाश हलणारी हवी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू उशिरा उसळायला लागते, पण तिची लय जलद असल्यामुळे ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट बसते. पुढून भरपूर खाली आणि कडक, मागून जैसे थे असा 'नाक खाली' अवतार केला की नेमकं हेच बिघडतं आणि मागच्या सीटवरची मंडळी कुरकुर करायला लागतात. मागे कडकपणा वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे टॉर्शन बीमला जोडायची अँटिरोल बार. बीम स्वतःच पिळला जाऊन झोकाला विरोध करतो. बार त्याला जोड देते आणि पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीची वळणात बाहेर सरकत जाण्याची खोड कमी होते. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, तेव्हा दोन मिलिमीटरचा फरक 'एवढासा' नसतो. आणि भर पावसात, घाट उतरताना, वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर तीच बार मागची बाजू बाहेर काढते. मी तरी ती शेवटी लावीन, किंवा लावणारच नाही.

टायरबद्दल थोडक्यात. कडक, गुळगुळीत टायरवर यातलं काहीही करू नये. १७५/६५ आर १५ च्या जागी १८५/६० आर १५ टाकला तर व्यास जेमतेम साडेपाच मिलिमीटरने घटतो, स्पीडोमीटर फारसं खोटं बोलत नाही. रबर चांगलं घेतलंत तर हाच सगळ्यात मोठा फरक.

गॅरेजमध्ये स्प्रिंग बदलताना मालकाने शेजारी उभं राहावं, फक्त स्ट्रटच्या सरळ रेषेत उभं राहू नये. मूळ स्प्रिंग चाक लोंबकळतानाही १४० किलोच्या दाबाखाली असते. वरचा नट सोडण्याआधी स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावून तिला दाबून धरावं लागतं. हे न करता नट मोकळा करणारा मेकॅनिक दिसला तर तिथून गाडी घेऊन निघावं. दुसरी गोष्ट बारीक आहे आणि सर्रास चुकते. लोअर आर्मचे रबरी बुश धातूला चिकटवलेले असतात. ते घसरत नाहीत, पिळतात. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच ते बुश कायमचे पिळलेल्या स्थितीत राहतात. गाडीची उंची नीट बसत नाही आणि काही महिन्यांत रबर चिरतं. बोल्ट हातघट्ट ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढेमागे हलवून बसू द्यायची आणि मगच ते शेवटचे आवळायचे. रॅम्प नसेल तर त्यासाठी खाली आडवं व्हावं लागतं, म्हणून ते टाळलं जातं.

उंची जमिनीपासून मोजू नये, टायरमधली हवा घोटाळा करते. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत टेप लावायची, काम करण्याआधी आणि नंतर, चारही चाकांना. मग अलाइनमेंट. खाली आलेल्या गाडीची पुढची चाकं वरून किंचित आत झुकतात, त्याने वळणावर फायदाच होतो. टायर खातो तो टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. टाय रॉडचा कोन बदलल्यामुळे तो हमखास बिघडतो आणि टायरची आतली कडा बाहेरून दिसत नसल्याने तार बाहेर येईपर्यंत पत्ता लागत नाही. नवी स्प्रिंग पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये अजून थोडी बसते, तेव्हा अलाइनमेंट पुन्हा एकदा.

राहिला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. सिटीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटर, म्हणजे चारही चाकं एका वेळी त्या उंचवट्यावर असतात आणि गाडीचं पोट फक्त ५० मिलिमीटर गमावतं. ३० नी खाली घेतलेली गाडीसुद्धा तिथून रिकामी असताना ८५ मिलिमीटर राखून जाते. पण गल्लीतल्या मंडळींनी रातोरात घातलेला हातभर रुंद, १५ सेंटिमीटरचा वरवंटा पूर्णच्या पूर्ण पोटाखाली येतो. मूळ १६५ ची गाडी १५ मिलिमीटरने सुटते. ३० नी खाली घेतली तर उभ्या जागीच घासते. २० नी घेतली तरी पाच मिलिमीटर कमीच पडतात. तिरकी घालायची, माणसं उतरवायची की चेंबर फोडून घ्यायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. रोजच्या वाटेवर असा एक जरी असेल तर स्प्रिंग मूळच्याच ठेवाव्यात आणि पैसे शॉकअपवर घालावेत.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला. उंचीतला बारीक फरक रस्त्यावरच्या हवालदाराच्या नजरेत येत नसला तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकाच्या कमानीत डोकावतो. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारलेलं बरं. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नयेत. पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या अशा चिठ्ठ्या बांधून माळ्यावर टाकाव्यात. गाडी विकायच्या वेळी निम्मी गिऱ्हाइकं पहिला प्रश्न त्यांचाच विचारतात.